खालच्या रांगेचं काय करायचं?

मनाउस, ब्राझील, डिसेंबर

प्रिय बंड्या,

तुझे निरोप पोचले, उत्तर गेलं नाही. शिव्या भेटल्यावर एकदम दे, हप्त्याने नको. तब्येत बरी आहे. डास आहेत, ते असणारच. आक्कांचे गुडघे कसे आहेत ते कळव.

आता खरं कारण. पाणी चढलं. वाळूच्या पट्ट्यावर काठापासून वरपर्यंत टायगर बीटल ह्या शिकारी भुंगेऱ्याच्या अळ्यांच्या बिळांच्या तीन रांगा आखल्यात ना, त्यातल्या खालच्या रांगेवर पाणी येऊन गेलं, आणि आता परत यायच्या बेतात आहे. इथे कुणाला सांगावं तर म्हणतात, नदी आहे, चढणारच. त्यांचं बरोबरच आहे. पण तुला कळेल, कारण वाद मुळात तुझा आहे: बुडणारी रांग उचलून वर हलवायची, की जिथे आहे तिथेच बुडू द्यायची? तू हॉस्टेलच्या गच्चीवर यावरून लंब्याशी रात्रभर भांडला होतास. तेव्हा तुम्हा दोघांनाही कृष्णेपलीकडची नदी माहीत नव्हती, तरी आवाज केवढा!

आधी नदीचा हिशेब सांगतो, नाहीतर तू मधेच तोंड घालशील. तुमच्याकडे कृष्णेच्या आयर्विन पुलाला 40 फुटांवर इशारा, 45 ला धोका, आणि अख्खी सांगली फोनला चिकटते. मनाउस बंदरावर 1902 पासून रोजची पातळी लिहून ठेवतात. इथे वर्षाचा चढउतार साधारण 10 मीटर. म्हणजे 33 फूट, तेही दरवर्षी, आणि पेपरात एक ओळ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तळ, मग चढ, जूनच्या मध्याला शिखर, जुलैपासून उतार. सात-साडेसात महिन्यांत 10 मीटर धरलं तर चढाचा वेग दिवसाला पाचेक सेंटीमीटर. उतार जोरात असतो; 2023 च्या सप्टेंबरात दिवसाला 30 सेंटीमीटरपर्यंत पाणी खाली जात होतं. 2021 च्या जूनमध्ये 30.02 मीटर हा उच्चांक झाला, 2023 च्या ऑक्टोबरात 12.70 हा तोवरचा नीचांक, आणि 2024 मध्ये पाणी त्याच्याही खाली गेलं.

आता ह्या चढउतारात राहणारा प्राणी. फेओक्झांथा क्लुगी. टायगर बीटलच, पण रात्रीचा. आपल्याकडे नदीकाठी भर उन्हात चमकत पळणारे बघतोस तसला नाही. फिकट पिवळट-तपकिरी, वाळूवर ठेवला तर टॉर्च तिरपी धरल्याशिवाय दिसत नाही. आधी दिसते ती त्याची सावली. दिवसा वाळूत पुरून घेतो किंवा वाहून आलेल्या ओंडक्याखाली बसतो. दुपारी ह्या वाळूवर अनवाणी उभं राहून बघ, मग तो रात्रीचा का झाला हा प्रश्न विचारणार नाहीस. दिवसाचे टायगर बीटल डोळ्यांवर शिकार करतात, इतके जोरात पळतात की भक्ष्य दिसेनासं होतं, म्हणून थांबत थांबत पळतात. रात्रीच्याला तो थाट नाही. ओल्या वाळूवर दमाने फिरतो आणि वाटेत येईल ते जबड्यात धरतो. हातात घेतलास तर चावतो, आणि सोडल्यावर बोटांना बऱ्याचदा कडू बदामाचा वास राहतो. पुष्कळ टायगर बीटल बेन्झाल्डिहाइड सोडतात, तोच तो वास.

तू माझ्या जागी असतास तर रात्री भुंगेऱ्यांमागेच फिरला असतास, मला माहीत आहे. पण खरा कारभार अळीचा आहे. मादी ओल्या वाळूत एकेक अंडं घालते. अळी जिथे निघते तिथेच उभं बीळ करते आणि तीन अवस्था त्यातच काढते. प्रत्येक कात टाकल्यावर बीळ रुंद आणि खोल करत जाते. डोकं आणि छातीची ढाल मिळून बिळाच्या तोंडाला बूच. पोटाच्या पाचव्या खंडाला पाठीवर कुबड, त्यावर पुढे वळलेले आकडे. मुंगीने, सुरवंटाने काठाला पाय लावला की अळी मागे उलटून झडप घालते, आणि सावज मोठं असलं तरी आकडे भिंतीत रुतल्यामुळे ते तिला बाहेर ओढू शकत नाही. हे तू वर्गात शिकवतोसच. इथे नवीन एवढंच की ह्या बिळावर दरवर्षी मीटर-मीटर पाणी चढतं आणि अळी पळत नाही. पंख नाहीत, पळणार कुठे? बीळ आतून मातीने बुजवते आणि खाली बसून राहते.

मथियास झर्म आणि योआखिम आदिस ह्यांनी मनाउसजवळच ह्यावर काम केलं. इन्पा, म्हणजे मनाउसची अ‍ॅमेझॉन संशोधन संस्था, आणि जर्मनीतल्या प्लोनची माक्स प्लांक संस्था, दोघांचा जुना घरोबा होता त्या काळातलं. तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या साडेतीन महिन्यांपर्यंत पाण्याखालच्या गाळात जिवंत राहतात. 2003 च्या त्यांच्या पेपरात अळ्या नायट्रोजनमध्ये, म्हणजे प्राणवायू शून्य असताना, 29 अंशांवर ठेवल्या होत्या, आणि त्या कित्येक दिवस टिकल्या. तू म्हणशील त्यात काय, बर्फाखालचे किडेही प्राणवायूशिवाय राहतात. अरे, पण थंडीत शरीराचा खर्चच कमी असतो. 29 अंशांत उपाशी आणि श्वासाशिवाय राहणं वेगळं. पुढच्याच वर्षी त्यांनी बुडालेल्या अळीच्या अंगालगतचा प्राणवायू मोजला. आता तुझा आणि लंब्याचा दुसरा जुना वाद: ती बिळात हवेची पिशवी धरून बसते की दम कोंडून? लंब्या हवेवर अडून बसला होता. मिटव आता. बिळातली हवा असली तरी ती महिनोन्महिने पुरणारी नाही. अळी खर्च एकदम खाली आणते, आजूबाजूच्या पाण्यात प्राणवायू असेल तर अंगावाटे थोडाफार घेते, आणि नसेल तेव्हा त्याच्याशिवाय निभावते. म्हणजे तू निम्मा बरोबर होतास. लंब्याला कळवू नकोस.

आता हाच साडेतीन महिन्यांचा आकडा उतारावर मांड. चढताना 1 मीटर खालचं बीळ वरच्यापेक्षा वीसेक दिवस आधी बुडतं, आणि उतरताना काही दिवस उशिरा उघडं पडतं. शिखराजवळ नदी रेंगाळते, तिथे हा फरक आणखी वाढतो. शिखराच्या 5 मीटर खाली असलेलं बीळ शिखर येण्याआधीच शंभर दिवस पाण्याखाली गेलेलं असतं. उतार धरला की साडेतीन महिने कधीच ओलांडले. वरच्या रांगेला धोका नाही. मधली काठावर आहे. खालची रांग आत्ता डिसेंबरातच बुडतेय, ती आठ-नऊ महिन्यांनी उघडी पडेल. आकड्यांप्रमाणे ती मेलेली आहे, फक्त अजून मरायची बाकी आहे.

मग माद्यांनी तिथे अंडी का घातली? कारण पाणी खाली गेलं की ओल खाली जाते, आणि मादी ओलीच्या मागे जाते. वरची वाळू ठणठणीत कोरडी पडली की पहिल्या अवस्थेतली अळी बीळच करू शकत नाही. भिंत ढासळते आणि ती सुकून मरते. ओहोटीच्या वर्षी अंडी जितकी खाली जातात तितकी पुढच्या चढाला आधी सापडतात. 2023 आणि 2024 अशी लागोपाठ कोरडी वर्षं गेल्यावर लोक मेलेले मासे आणि रुतलेल्या होड्या बघतात. वाळूतल्या बिळांची मोजदाद कोण करतो?

आणि ह्यात भर म्हणजे रेपिकेते. नदी चढायला लागते, मग मधेच थबकते, उतरते, आणि पुन्हा चढते. ऑक्टोबर ते डिसेंबर हे चालतं आणि काठावर शेती करणाऱ्याला ह्याचा धाक असतो, कारण वाल आणि कलिंगडं त्यात जातात. माझं डोकं तिथेच अडकलंय. अळीजवळ शिदोरी म्हणजे अंगातली चरबी, तेवढीच. एकदा बीळ बुजवून खर्च खाली आणून बसली तर ती पुरवून खाते. पण पाणी उतरलं, हवा मिळाली, तिने बूच फोडलं, ढासळलेलं बीळ नव्याने उकरलं, वर येऊन बसली, तर समोर धुतलेली वाळू आहे आणि मुंगी एक नाही. कमाई शून्य आणि खर्च पुरा. आठवड्याने पुन्हा बुडायचं. मधल्या रांगेला हे दोनदा झालं तर साडेतीन महिन्यांचा आकडा तिला लागू राहील का? माझं मत, नाही. तो आकडा नीट खाल्लेल्या, पूर्ण वाढलेल्या अळीचा समजायचा.

वर नवा गाळ. सोलिमोएस, म्हणजे मनाउसच्या वरची अ‍ॅमेझॉनच, अँडीजची माती घेऊन येते, पाणी दुधाळ चहाच्या रंगाचं. शेजारची रिओ नेग्रो काळी, आम्लधर्मी, गाळ जवळपास नाही. दोघी मनाउसखाली काही किलोमीटर न मिसळता शेजारी शेजारी वाहतात, ते फोटो तू शंभरदा पाठवले आहेस, आता पुरे. गाळवाली नदी बिळांवर थर टाकते. बोटभर असला तर अळी ओसरल्यावर उकरून वर येते. बारीक चिकण थर वीतभर बसला की तो आधी प्राणवायू अडवतो आणि मग वाट. जिथे गाळ बसत नाही तिथे नदी काठच कापून नेते, बिळांसकट. आणि जो पट्टा वर्षानुवर्षं टिकतो त्यावर आधी गवत येतं, मग विलो, मग सेक्रोपियाची झाडं, आणि उघडी वाळू आवडणारा हा प्राणी तिथून हद्दपार. त्याला मोडतं-घडतं बेटच लागतं. ते जपायचं कसं हे कुठल्या कुंपणवाल्याला समजावणार?

हलवायचं ठरवलं तर कसं, तेही सांगतो, कारण हे तुझ्या पोरांनाही उपयोगी पडेल.

बीळ शोधायचं सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. टायगर बीटलच्या अळीचं भोक अगदी गोल, कड गुळगुळीत, भोवती मातीचा ढीग नाही. उकरलेली वाळू ती डोक्याने लांब फेकते. रातकिड्याचं भोक तिरपं आणि तोंडाशी वाळू. कोळ्याचं असेल तर कडेला धागे. पायांची थरथर लागली की अळी खाली जाते, म्हणून भोकाजवळ पोचून पाचेक मिनिटं स्तब्ध बसायचं. डोकं वर आलं की बीळ चालू आहे. मग गवताची लवचिक काडी हळूच तळापर्यंत घालायची आणि आत ठेवायची. वरून कधीही खणायचं नाही, वाळू आत जाते आणि वाट हरवते. बिळापासून वीतभर बाजूला खड्डा घ्यायचा, काडीच्या तळापेक्षा खोल, आणि मग खड्ड्याच्या भिंतीतून चमच्याने काडीकडे सरकत यायचं. अळी तळाशी सापडते. चिमट्याने डोकं धरू नये, कुबडाला तर अजिबात नाही. चमच्यातल्या वाळूसकट उचलायची. प्रत्येकीला वेगळी नळी, निम्मी ओल्या वाळूने भरलेली, झाकणाला भोक, पेटी सावलीत. दोघी एकत्र ठेवल्यास तर घरी एकच पोचेल, आणि ती जाडी असेल.

अवस्था डोक्याच्या रुंदीवरून ठरव, लांबीवरून नको. पोट फुगलं-आक्रसलं की लांबी फसवते. कातीनंतर कडक झालेलं डोकं मात्र पुढच्या कातीपर्यंत तेवढंच राहतं.

नवी जागा देताना वाळूत पेन्सिलीएवढं उभं भोक करायचं, अळीला शेपटीकडून आत सोडायचं, वर पेला पालथा घालून रात्रभर ठेवायचं. नुसती वाळूवर सोडली तर दहा मिनिटांत मुंग्या तिचा निकाल लावतात. हे सगळं केल्यावरही खरी अडचण राहतेच: वरच्या रांगेत आधीच भाडेकरू आहेत. तिथे येणाऱ्या मुंग्या तेवढ्याच. तू खालच्या आणून बसवल्यास की वरच्यांची पोटं रिकामी, आणि त्याच तर हमखास जगणाऱ्या होत्या. शिवाय रांगांची सरमिसळ झाली की पाणी ओसरल्यावर कोण कुठली होती हे सांगता येणार नाही. म्हणजे तुझं गच्चीवरचं वाक्य, “नोंद करणाऱ्याने हात घालू नये,” इथे लागू पडतं. मान्य करायला जड जातंय. तेव्हा तू ते फक्त लंब्याला चिडवायला म्हणाला होतास, हेही लक्षात आहे.

म्हणून ठरवलंय असं: रांग तिथेच. फक्त मधल्या रांगेच्या बाहेरच्या थोड्या अळ्या नळ्यांत घेऊन रेपिकेतेचाच प्रयोग. निम्म्या एकदा बुडवायच्या, निम्म्या बुडवून, आठवड्याने उघड्या करून, पुन्हा बुडवायच्या. शिवाय काही कोरड्याच ठेवायच्या, नाहीतर उपासाने मेल्या की पाण्याने हे कळणार नाही. पद्धत लिहितो, तुझ्याकडेही हीच चालेल, फक्त प्राणी तिथला घे.

पीव्हीसी पाइपचे 40 सेंटीमीटरचे तुकडे, खाली बारीक जाळी, आतून खरखरीत कागदाने घासलेले. गुळगुळीत भिंतीला अळी लागून गेली तर आकड्यांना पकड मिळत नाही आणि ती वर येऊ शकत नाही. वाळू त्याच पट्ट्यावरची, चाळलेली, ओली करून थराथराने दाबलेली. सैल भरली तर पाणी येताच बीळ बसतं. फार ठोकली तर अळी उकरतच नाही. पालापाचोळा वेचून काढ, नाहीतर कुजून सडक्या अंड्याचा वास येतो आणि मग अळ्या बुडून मेल्या की त्या वायूने हे सांगता येत नाही. आठवडाभर वाळवी किंवा डोकं चिरडलेला पिठातला किडा दे; शाबूत किडा दिलास तर तो बिळात उतरून अळीलाच कुरतडतो. खाणं थांबवल्यावर पाणी खालून चढवायचं, जाळीतून, दिवसाला 5 सेंटीमीटर. वरून ओतलंस की संपलं. नळाचं पाणी नको, क्लोरीन असतो. नदीचं घे, एक रात्र बसू दे. तापमान 28 ते 30 ठेव. तुमच्याकडे जानेवारीत ठेवलास तर थंडीमुळे सगळ्याच जगतील आणि पोरं टाळ्या वाजवतील.

बाहेर काढताना घाई नको. प्राणवायूशिवाय राहिलेली अळी लुळी असते, टोचलं तरी हलत नाही. ओल्या टिपकागदावर, सावलीत, उघड्या डबीत रात्रभर ठेवायची. आधी जबडे किंचित हलतात, मग पाय, डोकं उचलणं सगळ्यात शेवटी. काळी पडली, वास आला, तरच मेली लिहायचं. पहिल्याच तासात मेलेल्या मोजल्या तर निकाल हवा तसा लागतो, पण खोटा.

रात्री पट्ट्यावर जायचं असेल तर पाय घासत चालायचं, उचलून नाही. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट मासे बसतात, नांगी काट्यासारखी असते. ही सूचना तुझ्यासाठीच, कारण यायचं म्हणतोयस आणि येत नाहीस.

तुझ्या बदलीचं वाचलं. घेऊ नकोस असं माझं मत, वहिनींचं घे असं असेल तर त्यांचं ऐक. छोटीला दहावीचं टेन्शन देऊ नका. वाळूउपशाच्या तक्रारीचं पुढे काय झालं? तिथे तर अळ्यांना बुडायलाही वाळू उरली नसेल. लंब्याचे पैसे मी दिलेत, तू परत देऊ नकोस.

पाणी उद्या बहुतेक खालची रांग पुरी झाकेल. मधल्या रांगेचं तुला काय वाटतं ते लिही, सविस्तर, फोनवर नको. फोनवर तू फक्त ओरडतोस.

तुझा,
मध्या

ता.क. पाइपच्या जाळीवर आधी कापडाचा तुकडा घाल. नुसत्या जाळीतून बारीक वाळू गळत राहते, तळाशी पोकळी होते आणि अळी खाली घसरते. आणि प्रत्येक पाइपवर पेन्सिलीने लिही; मार्करची शाई महिनाभर पाण्यात टिकत नाही.